उघडताच बंद पडणारे ग्राफिक्स सॉफ्टवेअर : दोष कोठे शोधावा?

१९ जुलै २०२४ रोजी हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला मिळालेल्या अशा पासचे छायाचित्र समाजमाध्यमांवर जगभर फिरले. त्या दिवशी जगभर जो गोंधळ उडाला, त्याचे मुख्य कारण म्हणजे क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांवर पाठवलेली एक लहानशी फाईल. या फाईलच्या रचनेत २१ रकाने गृहीत धरले होते, तर ती वाचणाऱ्या कार्यक्रमाला २० मूल्येच पुरवली जात होती. एकविसाव्याचा शोध घेताना कार्यक्रम स्मृतीच्या नको त्या भागात शिरला आणि विंडोज कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना याचा फटका बसला. हे संगणक चालू होत, सुरुवातीलाच ती फाईल वाचत आणि पुन्हा पडत. यावरचा उपाय मात्र साधा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ती फाईल काढून टाकायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. यंत्र पुसून नव्याने विंडोज घालण्याची गरज नव्हती.

लॅपटॉपवरील फोटोशॉप, कोरलड्रॉ, ब्लेंडर, इंकस्केप किंवा क्रिता उघडताच बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा हेच लहान प्रमाणात घडत असते. मूळ सॉफ्टवेअर शाबूत असते. ते सुरू होताना जे काही वाचते त्यातील एखादी गोष्ट बिघडलेली असते. तरीही दुकानात पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट करण्याचा. या सल्ल्याने अनेकांची वर्षांची कामे, जमवलेले अक्षरसंच आणि ब्रश कायमचे गेले आहेत. म्हणून यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी बिघाड कोठे आहे हे ओळखण्याची रीत माहीत असणे अगत्याचे ठरते.

या विषयाचा हैदराबादशी निकटचा संबंध आहे. २००८ पासून दूरचित्रवाणीवर घरोघरी पोहोचलेला ‘छोटा भीम’ याच शहरातील ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने घडवला. २०१५ च्या ‘बाहुबली’तील माहिष्मतीच्या दृश्यांनी येथील चित्रपटसृष्टीच्या संगणकीय दृश्यकलेकडे देशाचे लक्ष वेधले. मायक्रोसॉफ्टने भारतातील आपले विकास केंद्र १९९८ मध्ये येथेच सुरू केले, तर ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांचे अभियंते या शहरात काम करतात. अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास संगणक-शिकवण्यांच्या पाट्यांनी भिंती झाकलेल्या दिसतात. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-लातूरकडून, येथे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांची परंपरा जुनी आहे. १९५६ पर्यंत तर मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. यांतील बहुतेकांजवळ एकच लॅपटॉप असतो, अनेकदा हप्त्यांवर घेतलेला किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारातून आणलेला जुना. तो अडला की शिक्षण आणि कमाई दोन्ही अडतात. पणजी, म्हापसा किंवा मडगावात डीटीपी आणि लग्नपत्रिकांची कामे करणाऱ्यांची स्थितीही काही निराळी नाही.

उघडण्याच्या काही क्षणांत काय घडते?

चिन्हावर दोनदा टिचकी मारल्यापासून कोरे पान समोर येईपर्यंतच्या काही सेकंदांत सॉफ्टवेअर बरीच चौकशी करते. यंत्रात कोणती ग्राफिक्स चिप आहे? तिचा ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि सॉफ्टवेअर यांच्यामधला दुभाषा, कोणत्या आवृत्तीचा आहे? वापरकर्त्याने मागच्या वेळी कोणत्या पसंती जतन केल्या होत्या? बाहेरून जोडलेली प्लगइन्स कोणती? यंत्रात अक्षरसंच किती? तात्पुरत्या फायली ठेवायला डिस्कवर जागा आहे का? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी वेडेवाकडे आले तरी कार्यक्रम कोसळू शकतो.

त्यामुळे पहिले काम निरीक्षणाचे. सुरुवातीला जे स्वागतचित्र झळकते, त्याच्या तळाशी अनेक सॉफ्टवेअरमध्ये बारीक ओळ पळत असते: अमुक वाचत आहे, तमुक भरत आहे. मोबाईलवर त्या काही सेकंदांचे चित्रीकरण करून ते हळू गतीने पाहिले, तर शेवटची ओळ कोणती होती हे कळते. ‘फाँट्स’ या शब्दावर चित्र गोठले असेल तर संशय अक्षरसंचांवर, प्लगइनच्या नावावर गोठले असेल तर त्या प्लगइनवर. गिम्पच्या बाबतीत मात्र घाई नको. पहिल्यांदा उघडताना ते सगळे अक्षरसंच तपासते आणि त्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात. पुष्कळ जण त्यालाच बिघाड समजून ते बंद करतात.

दुसरा साक्षीदार विंडोजमध्येच दडलेला असतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ या विभागात गेल्यास लाल खुणेची नोंद सापडते. तीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाईलचे नाव दिलेले असते. कार्यक्रम कोसळला त्या क्षणी कोणत्या फाईलमधील सूचना चालू होत्या, हे त्यावरून कळते. नावाची सुरुवात रोमन एन-व्ही या अक्षरांनी होत असेल तर ती फाईल एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची असण्याचा संभव मोठा. आय-जीने होत असेल तर इंटेलच्या. ए-टी-आयने होत असेल तर एएमडीच्या. (एटीआय ही कंपनी एएमडीने २००६ मध्येच विकत घेतली, तरी तिचे नाव या फायलींतून गेलेले नाही.) या तिन्हींपैकी काही आढळले तर अर्धे निदान झाले. तेथे विंडोजच्याच एखाद्या सर्वसाधारण फाईलचे नाव असेल तर मात्र त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या कोणाचा दोष तिच्या माथी आलेला असू शकतो.

संदेशांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर खेळ उघडताच ‘ग्राफिक्स स्मृती अपुरी’ अशा अर्थाचा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलून पाहिली; दोष निघाला प्रोसेसरमध्ये. इंटेलने पुढे सुधारणा पाठवली आणि वॉरंटीची मुदत दोन वर्षांनी वाढवली.

एका लॅपटॉपमध्ये दोन चिप

डिझाइनच्या कामासाठी घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात: एक प्रोसेसरच्या पोटातली, वीज वाचवणारी, दुसरी स्वतंत्र आणि ताकदीची. एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने ही व्यवस्था रूढ केली. येथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अशा अनेक यंत्रांत पडदा जोडलेला असतो तो लहान चिपला. मोठी चिप चित्र रंगवते आणि ते लहान चिपच्या हवाली करते. म्हणजे महागडे कार्ड घेतले तरी लहान चिपचा ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असेल तर काम अडतेच. विंडोज अपडेटने मागच्या दाराने दोहोंपैकी एकाचा ड्रायव्हर बदलला की कालपर्यंत सुरळीत चालणारे सॉफ्टवेअर आज सकाळी उघडत नाही, आणि वापरकर्ता म्हणतो, ‘काही केलेच नाही.’ ते खरेही असते.

यावर तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ आणि मग ‘ग्राफिक्स’ येथे जाऊन त्या सॉफ्टवेअरपुरती चिप निवडता येते. आधी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून पाहावे. तरीही कोसळले तर उलट करून ‘पॉवर सेव्हिंग’ निवडावे. एकीवर उघडले आणि दुसरीवर पडले तर दोषी ड्रायव्हर सापडला. त्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या चिपच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण मिळते का पाहावे. बिघाड नव्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ते पहिला उतारा. एवढ्याने भागले नाही तर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमांच्या वाटेला न गेलेले बरे.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत प्रश्न बिघाडाचा नसून वयाचा असू शकतो. ब्लेंडरच्या ४.० या आवृत्तीपासून विंडोजवर ओपनजीएल या चित्रांकन-मानकाची किमान ४.३ ही पातळी लागते; त्याआधीच्या ३.६ ला ३.३ पुरत असे. २०१२ च्या सुमाराच्या, तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधील एचडी ४००० ही चिप विंडोजवर ४.० पर्यंतच पोहोचते. अशा लॅपटॉपवर नवे ब्लेंडर कितीही वेळा टाकले तरी उपयोग नाही. ब्लेंडरच्याच संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांतील ३.६ घ्यावी. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याने पैसे मोजण्यापूर्वी चिपचे नाव आणि हा आकडा पडताळावा.

फॉरमॅटच्या सल्ल्यातील विसंगतीही येथेच दिसते. नव्याने घातलेल्या विंडोजला चिपचा योग्य ड्रायव्हर मिळेपर्यंत ते ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’वर चालते आणि त्यावर ओपनजीएलची फक्त १.१ ही पातळी उपलब्ध असते. फॉरमॅट करून आणलेल्या यंत्रावर ब्लेंडर उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. ज्या रोगावर औषध म्हणून फॉरमॅट केले, तो रोग त्या औषधानेच उद्भवतो.

फोटोशॉपने या धोक्यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. दर वेळी उघडताना ते एका छोट्या सोबत्याला पुढे धाडते. तो ग्राफिक्स चिपची जुजबी चाचणी घेतो. तो स्वतःच कोसळला तर फोटोशॉप चिपचा नाद सोडून तिच्याविना उघडते. म्हणून फोटोशॉप उघडले, पण काही सोयी करड्या पडल्या असतील, तर त्याकडे काणाडोळा करू नये. ड्रायव्हर बिघडल्याची ती खूण असू शकते.

पसंतींची फाईल

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्यावरही ते तसेच कोसळते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वापरकर्त्याच्या पसंती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतात. त्या ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि पुनःस्थापनेत त्यांना अनेकदा कोणी हात लावत नाही. वीज जाऊन किंवा बॅटरी संपून यंत्र अचानक बंद झाले तर ही फाईल अर्धवट लिहिलेली राहते. पुढच्या वेळी तीच वाचली जाते.

फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट या तिन्ही कळा एकत्र दाबून धरल्या तर जुन्या पसंती पुसाव्यात का, असे ते विचारते. केवळ शिफ्ट धरली तर बाहेरची प्लगइन्स न भरता उघडण्याचा पर्याय देते. कोरलड्रॉसाठी एफ ८ ही कळ. ब्लेंडरच्या फोल्डरमध्ये मूळ मांडणीने उघडणारी ‘फॅक्टरी स्टार्टअप’ नावाची वेगळी फाईलच दिलेली असते. मात्र पुसण्याआधी एक पथ्य पाळावे: पसंतींचा फोल्डर नष्ट न करता त्याचे नाव बदलून ठेवावे. फोटोशॉपमध्ये वेगळे जतन न केलेले ब्रश आणि ‘ॲक्शन्स’ त्यातच असतात; एकदा पुसले की परत मिळत नाहीत.

अक्षरसंचांचा पसारा

भारतीय भाषांत काम करणाऱ्यांच्या यंत्रांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण अक्षरसंचांचे आहे. परदेशी मार्गदर्शिकांत त्याला एखादी ओळ मिळते, कारण तेथे एका लिपीवर भागते. हैदराबादच्या एखाद्या छपाईच्या दुकानात मात्र सकाळी तेलुगू पत्रिका, दुपारी उर्दू फलक, संध्याकाळी मराठी मंडळाचे निमंत्रण, असा दिवस जाऊ शकतो. तेलुगूसाठी अनू, मराठीसाठी श्रीलिपी किंवा आकृती, सी-डॅकच्या आयएसएमचे संच, आणि वर युनिकोडचे नवे फाँट, अशी भर वर्षानुवर्षे पडत जाते. उर्दूचे उदाहरण सर्वांत बोलके. नूरी नस्तालिकमध्ये सुमारे २०,००० जोडाकृती आहेत, आणि जुन्या पद्धतीत एका फाँटात २५६ हून अधिक खुणांची सोय नव्हती. म्हणून इनपेजबरोबर तो एकच अक्षरवळण कित्येक डझन फायलींत विभागून येई. एका वळणापायी यंत्रात डझनांनी फाँट!

मराठीचे जुने फाँट दुसऱ्या अर्थाने नाजूक आहेत. युनिकोडपूर्व काळात देवनागरीच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवल्या गेल्या. हे संच सीडी, पेनड्राइव्ह आणि अलीकडे व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरले. त्यात काही फायली अर्धवट उतरल्या, काहींची बाहेरची नावे बदलली, पण आतले नाव तेच राहिले. एकाच आतल्या नावाच्या दोन वेगळ्या फायली समोर आल्या किंवा फाईलमधील तक्ता तुटका निघाला, तर अक्षरसंच वाचणारे सॉफ्टवेअर अडखळते. वर्डसारखा कार्यक्रम तोच फाँट मुकाट्याने सोडून देतो, त्यामुळे ‘वर्ड तर चालते’ म्हणून फाँटवर कोणाचा संशय जात नाही.

शोधण्याची पद्धत जुन्याच तऱ्हेची, पण खात्रीची. विंडोजबरोबर आलेले फाँट सोडून स्वतः टाकलेले सगळे फाँट आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये नकलून ठेवावेत आणि मग प्रणालीतून काढावेत. सॉफ्टवेअर उघडले, तर दोष त्यांच्यातच आहे. मग निम्मे परत टाकावेत. उघडले तर उरलेल्यांतील निम्मे, न उघडले तर टाकलेल्यांतील निम्मे काढावेत. दोषी फाईल एकच असेल तर ५०० फाँटांमधूनही ती नऊ फेऱ्यांत हाती लागते. एक मात्र ध्यानात ठेवावे: २०१८ पासून विंडोज १० मध्ये एका वापरकर्त्यापुरते फाँट टाकण्याची सोय आली, आणि ते नेहमीच्या फाँट फोल्डरऐवजी ॲपडेटामधील निराळ्या जागी राहतात. दुरुस्ती करणारा मुख्य फोल्डर रिकामा करतो, पण दोषी तेथे नसतोच. ॲडोबीने टाइप १ या जुन्या प्रकारच्या फाँटांचा आधार फोटोशॉपमधून २०२१ मध्ये आणि उर्वरित सॉफ्टवेअरमधून जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. जुन्या पुस्तकांच्या फायली नव्या आवृत्तीत उघडताना फाँट ‘गहाळ’ दिसतो तो यामुळे. तो बिघाड नव्हे आणि त्यासाठी यंत्र उघडण्याचेही कारण नाही.

नाव देवनागरीत असले तर

नवा लॅपटॉप सुरू करताना खात्याला अभिमानाने मराठीत नाव देणाऱ्यांची संख्या कमी नाही. इंटरनेटविना काढलेल्या अशा खात्याच्या नावानेच विंडोज वापरकर्त्याचा मूळ फोल्डर तयार करते. येथे एक ऐतिहासिक अडचण आड येते. युनिकोडच्या आधी प्रत्येक लिपीसाठी विंडोजमध्ये स्वतंत्र ‘कोड पेज’ असे: रशियनसाठी वेगळे, अरबीसाठी वेगळे. देवनागरीला तसे कोड पेज विंडोजने कधी दिलेच नाही; ती थेट युनिकोडमधून आली. त्यामुळे जुन्या धाटणीने लिहिलेले सॉफ्टवेअर किंवा प्लगइन मराठी नावाच्या फोल्डरचा पत्ता वाचू लागले की प्रत्येक अक्षराच्या जागी त्याला प्रश्नचिन्ह दिसते. प्रश्नचिन्हांचा पत्ता अस्तित्वात नसतो, पसंतींची फाईल सापडत नाही आणि कार्यक्रम गडगडतो. खात्याचे दर्शनी नाव बदलून उपयोग होत नाही, कारण फोल्डरचे नाव तेच राहते. रोमन लिपीतील नावाचे दुसरे खाते काढून त्यातून सॉफ्टवेअर उघडून पाहावे.

या चाचणीचा आणखी एक लाभ असा, की नव्या खात्याच्या पसंती कोऱ्या असतात आणि जुन्या खात्यापुरते टाकलेले फाँटही त्यात नसतात. नव्या खात्यात सॉफ्टवेअर सुरळीत उघडले, तर चिप, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर हे तिन्ही बहुधा निर्दोष ठरतात, तेही दहा मिनिटांत आणि फुकट. खरे तर वेळ थोडा असेल तर सुरुवातच येथून करावी.

उष्णता, जागा आणि सुरक्षा

उन्हाळ्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा प्रत्येक बिघाडाचे खापर उष्णतेवर फुटते. तापलेला लॅपटॉप मंदावतो किंवा काम करता करता बंद पडतो. रात्रभर थंड राहिलेल्या यंत्रावर सॉफ्टवेअर पाचव्या सेकंदाला कोसळत असेल तर त्यात उन्हाचा दोष नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असणे हे कारण अधिक संभवनीय. फोटोशॉपला तात्पुरत्या फायलींसाठी जागा मिळाली नाही तर ते उघडतच नाही. कंट्रोल आणि ऑल्ट धरून उघडल्यास ती जागा दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते. विंडोज सुरक्षेतील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू असेल तर सॉफ्टवेअरला फाईल लिहिण्यास मनाई होते. तेथे त्याला परवानगी द्यावी. फुकट म्हणून मिळणाऱ्या ‘क्रॅक’ प्रतींबाबत मात्र निदानाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांच्या फायलींत मुळातच कोणी फेरफार केलेला असतो, आणि सुरक्षा कार्यक्रमाने त्यांतील एखादी उचलली की सॉफ्टवेअर बंद.

ॲपलच्या २०२० नंतरच्या, स्वतःच्या चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये दोन चिपांचा घोळ नाही. पसंती आणि अक्षरसंच यांबद्दलचे सारे तेथेही लागू पडते.

एवढे करूनही यंत्र दुकानात न्यावे लागले, तर नेण्यापूर्वी तीन फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत: कामाच्या फायली, ॲपडेटा आणि दोन्ही ठिकाणचे फाँट. लपवलेला ॲपडेटा दिसण्यासाठी फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करावी. इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदीचे छायाचित्र आणि दोन्ही चिपांची नावे कागदावर लिहून सोबत द्यावीत, आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे.